बोटांत स्नायूच नाहीत! शरीराच्या आणखी काही अफलातून गमती

उजव्या हाताची बाही वर सारा. डाव्या हाताने कोपर आणि मनगट यांच्यामधला भाग घट्ट धरा. आता उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवा, मूठ उघडा, मिटा. हालचाल दिसते बोटांत, पण काम चाललंय तुमच्या डाव्या पंजाखाली. तिथे काहीतरी सळसळतं, फुगतं, आखडतं.

बोटांच्या पेरांमध्ये हाड हलवणारा एकही स्नायू नाही. काही छोटे स्नायू तळहातात आहेत, बाकी सगळी दणकट मंडळी कोपराखाली. तिथून लांबलचक कंडरा निघतात आणि मनगटातल्या पट्ट्याखालून सरकत पेरांपर्यंत जाऊन चिकटतात. वर स्नायू आखडला की खाली बोट वाकतं. ही मांडणी मोठी हुशारीची आहे. सगळे स्नायू बोटांतच ठासून भरले असते तर सुईत दोरा ओवणं सोडाच, शर्टाचं बटणही लागलं नसतं.

शरीराबद्दल आपल्याला बरंच काही ऐकून माहीत असतं. त्यातलं काही खरं, काही जुनं झालेलं, काही साफ चुकीचं. पण तपासायला लागणारा नमुना चोवीस तास आपल्याजवळच असतो. तेव्हा हा लेख हाताची घडी घालून वाचू नका.

अनामिका उठत नाही

तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट दुमडून आत घ्या. आता अंगठा उचला, उचलला. तर्जनी उचला, उचलली. करंगळीही उठते. आता अनामिका उचला बघू! कितीही जोर लावा, ती जागची हलत नाही. हाताच्या मागच्या बाजूला बोटं सरळ करणारा स्नायू चार बोटांत वाटलेला असतो आणि त्याच्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचा एकेक जादा स्नायू मिळालाय, अनामिकेला नाही. मधलं बोट दुमडलं की त्याची कंडरा खाली ओढली जाते आणि बिचारी अनामिका अडकते.

हात तसाच राहू द्या, फक्त उताणा करा. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसली? ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. दिसली नाही तरी घाबरू नका. जगभरात सात-आठ माणसांमागे साधारण एकाला हा स्नायू नसतोच, समाजागणिक प्रमाण कमीजास्त होतं. काहींना एका हाताला असतो, दुसऱ्याला नसतो. नसल्याने पकडीत काही फरक पडत नाही. म्हणून तर दुसरीकडे तुटलेली कंडरा दुरुस्त करायची असेल तेव्हा सर्जन बिनदिक्कत ही काढून तिथे जोडतात. घरातल्या सगळ्यांचे हात तपासा, कदाचित कोणीतरी वेगळं निघेल.

बोटांचाच विषय आहे तर आणखी एक. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, त्या कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. पण बोटाची नस तुटलेली असेल तर ते बोट कितीही वेळ पाण्यात ठेवा, सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे हे काम मज्जासंस्थेचं आहे. ती बोटातल्या रक्तवाहिन्या आवळते आणि वरची त्वचा आत ओढली जाते.

जन्मताना ३००, मोठेपणी २०६

वय वाढतं तशी हाडं वाढत नाहीत, कमी होतात. तान्ह्या बाळात हाडांचे सुमारे ३०० तुकडे असतात. कवटीचे, माकडहाडाचे, कमरेचे तुकडे पुढे सांधले जातात आणि मोठेपणी आकडा २०६ वर येतो. त्यातली १०६ हाडं फक्त हातापायांच्या पंजांत असतात, निम्म्याहून जास्त! बाळाच्या गुडघ्याची वाटी जन्मतः हाडाची नसतेच, कूर्चेची असते. तिचं हाड व्हायला तिसऱ्या वर्षाच्या आसपास सुरुवात होते. जिभेच्या मुळाशी एक हाड आहे, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेलं नाही, स्नायू आणि अस्थिबंध यांच्या आधाराने तरंगतं. आणि सगळ्यांत चिमुकलं हाड कानात, जेमतेम तीन मिलिमीटरचं. आवाजाची थरथर आतल्या कानाला पोचवणं हे त्याचं काम.

आपल्या जुन्या ग्रंथांत मात्र २०६ हा आकडा सापडत नाही. चरकसंहितेत ३६० आहेत, सुश्रुतसंहितेत ३००. दोघांनी मोजलं तेही वेगवेगळं. चरकाने दात आणि नखंही हाडांत धरली, सुश्रुताने कूर्चेलाही हाडाचा मान दिला.

सुश्रुताने शव पाहायची जी रीत सांगितलीय ती वाचताना मी दर वेळी थबकते. प्रेत गवताने गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हलक्या हाताने घासत घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. शस्त्र न चालवता! नुसतं पाठांतर करून शल्यवैद्य होता येत नाही, प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

हाच आग्रह युरोपात आंद्रेआस व्हेसालियसने धरला आणि खळबळ उडवली. तोवर तेराशे वर्षं गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता. गेलनच्या काळी रोममध्ये माणसाच्या प्रेताला हात लावता येत नसे, म्हणून त्याने माकडं, डुकरं, बैल चिरले आणि त्यावरून माणूस लिहिला. खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे त्यातलंच. पदुआच्या विद्यापीठात व्हेसालियसने स्वतः प्रेतं उघडली आणि १५४३ मध्ये ग्रंथ छापून सांगितलं की माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असतो. हनुवटीवरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवा, कुठेही जोड लागणार नाही.

ग्रेचं पुस्तक, कार्टरची चित्रं आणि सातारा

मेडिकलला गेलेल्या प्रत्येकाला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव ठाऊक असतं. पहिली आवृत्ती लंडनला १८५८ मध्ये निघाली, आजही नवनव्या आवृत्त्या निघतात. लिहिणारा हेन्री ग्रे. पण पुस्तक गाजलं ते चित्रांमुळे, आणि चित्रं काढली होती हेन्री व्हँडाईक कार्टर या दुसऱ्या हेन्रीने. तोही डॉक्टर. त्याने एक साधी पण फार मोलाची गोष्ट केली. प्रत्येक शिरेचं, स्नायूचं नाव त्या त्या भागावरच लिहिलं. आकडे देऊन खाली यादी जोडायची तेव्हाची पद्धत त्याने मोडली. परीक्षेच्या आदल्या रात्री पानं उलटणाऱ्या पोरांवर त्याने केवढे उपकार केले असतील!

श्रेय मात्र ग्रेच्या वाट्याला गेलं. पहिल्या पानावर कार्टरचं नाव बारीक टायपात छापलं गेलं. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेला, तेव्हा त्याने पस्तिशीही गाठली नव्हती. आणि कार्टर? पुस्तक निघालं त्याच वर्षी तो बोटीने मुंबईला आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवली. पुढे काही वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कुष्ठरोग, पायाला गाठी येऊन चिघळणारा मदुरा फूट, उलटून येणारा ताप यांवर त्याने इथेच मूलभूत काम केलं आणि १८८८ मध्ये तो मायदेशी परतला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वैद्यकीय चित्रांचा चित्रकार तीसेक वर्षं आपल्या मुलखात राबला आणि इथल्या फारच थोड्यांना त्याचं नाव माहीत आहे. हे मला खटकतं. साताऱ्यात त्याच्या नावाची एक पाटी असायला हवी.

पोटाला पडलेली खिडकी

आता एका माणसाच्या पोटात डोकावू. खरोखरच डोकावू, कारण तशी सोय होती.

६ जून १८२२. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेजवळचं मॅकिनॅक बेट. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात एकाची बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या कुशीत छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आला. जखम एवढी भयंकर की हा रात्र काढत नाही असं त्याला वाटलं. अलेक्सी जगला. जखमेच्या कडा भरून आल्या, पण मधलं भोक काही बुजलं नाही. जठराची कड कातडीला चिकटून तिथे कायमचं तोंड तयार झालं.

त्या काळी पचन म्हणजे नेमकं काय यावर वाद होता. जठर अन्न दळतं म्हणावं, कुजवतं म्हणावं की शिजवतं? बोमाँटने १ ऑगस्ट १८२५ ला रेशमी धाग्याला अन्नाचे तुकडे बांधले. शिजवलेलं गोमांस, खारवलेलं डुकराचं मांस, शिळा पाव, कच्च्या कोबीची फोड. धागा भोकातून जठरात सोडला आणि तासाने ओढून पाहिला. कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस जसंच्या तसं. पुन्हा आत सोडला. दोन तासांनी कोबी, पाव आणि काही मांस नाहीसं झालेलं. नंतर त्याने जठररस बाटलीत काढून घेतला आणि त्यात मांसाचा तुकडा टाकून ऊब दिली. शरीराबाहेरही मांस विरघळलं! पचन हे रसायनाचं काम आहे याचा इतका उघड पुरावा आधी कोणाकडेच नव्हता. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत आली. अलेक्सी चिडलेला असला की पचन मंदावायचं. जेवताना भांडू नका असं घरातली मोठी माणसं सांगतात, त्याचा पुरावा त्या भोकातून दिसला.

बोमाँटचं पुस्तक १८३३ मध्ये आलं आणि तो अजरामर झाला. अलेक्सीचं काय? तो गरीब, अक्षरशत्रू होता. डॉक्टरने त्याच्याकडून प्रयोगांचा करार करून घेतला, घरची कामंही करवून घेतली. तो अनेकदा पळून गेला, लग्न केलं, मुलं झाली, आणि बोमाँटनंतर २७ वर्षांनी, १८८० मध्ये वारला. डॉक्टरांच्या नजरा त्याच्या जठरावर आहेत हे घरच्यांना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम प्रेत कुजेपर्यंत थांबून मग ते खोल पुरलं. मला त्या घरच्यांचं पटतं.

अन्न विरघळवणारा हा रस जठरालाच का खात नाही? खायला बघतो. म्हणून जठराच्या आत चिकट श्लेष्माचा थर असतो आणि आतल्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात. मागच्या आठवड्यात पुरणपोळी पचवणारं अस्तर आता तुमच्या पोटात नाही.

ठोका कोण देतं?

मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसाला १,०३,६८० वेळा धडधडतं. ते डाव्या बाजूला असतं हे अर्धसत्य. असतं छातीच्या मधोमध, टोक तेवढं डावीकडे झुकलेलं. आणि डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात तो लब-डब आवाज हृदय आखडल्याचा नसतो, झडपा बंद झाल्याचा असतो.

ठोका द्यायला मेंदूची गरज लागत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तोच विजेची ठिणगी देतो. आर्थर कीथ आणि त्याचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. तो मोकळा सोडला तर मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला सतत आवरून धरते, म्हणून आपण सत्तरीत असतो. हृदय प्रत्यारोपणात ही नस तुटते, त्यामुळे नवं हृदय बसवलेल्या माणसाची नाडी निवांत बसल्यावरही जलद चालते. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केलं. रुग्ण काही तासच जगला. पण जगातल्या अगदी पहिल्या मोजक्या प्रत्यारोपणांत त्याची नोंद आहे.

ओ नसलेला ओ

केईएमचंच नाव निघालं तर तिथला आणखी मोठा शोध सांगायलाच हवा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप.

ए आणि बी गटाच्या खुणा तांबड्या पेशींवर ज्या पायावर उभ्या राहतात त्याचं नाव एच. ओ गटात ए नसतो, बी नसतो, पण एच भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या माणसांत एचच नसतो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ म्हणून निघतं. पण या माणसाला ओ रक्त चढवलं तर शरीर त्यातल्या एचवर तुटून पडतं, जिवावर बेततं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, युरोपात दहा लाखांत एखादा. या माणसाचं सीरम ओ गटाच्या तांबड्या पेशींबरोबर तपासलं की हा गट पकडता येतो, म्हणून रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहणं, सहसा टाळत नाहीत.

एका वेळी एकच नाकपुडी

एक नाकपुडी बोटाने दाबा, श्वास घ्या. मग दुसरी. एक मोकळी, एक जरा जड वाटेल. काही तासांनी उलट होईल. नाकाच्या आतलं मऊ अस्तर आळीपाळीने फुगतं आणि ओसरतं. योगाभ्यासी मंडळी स्वर चालतो म्हणतात ते हेच. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं.

आणि उचकी? कोणीतरी आठवण काढतंय म्हणून लागते असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या आयोवाच्या चार्ल्स ऑस्बॉर्नला १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षं! उचकीत श्वासपटल झटक्याने आखडतं आणि स्वरयंत्राचं दार धाडकन मिटतं, म्हणून ‘हिक्’. गंमत म्हणजे श्वासपटल छातीच्या तळाशी, पण त्याची नस निघते थेट मानेतून. गर्भात श्वासपटल मानेजवळ तयार होऊन खाली सरकतं आणि नसेला बरोबर ओढत नेतं. म्हणून पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव झाला तर काही रुग्ण खांदा दुखतो अशी तक्रार घेऊन येतात. अनुभवी डॉक्टर अशा खांद्याकडे फार गंभीरपणे बघतात.

पाठ केलेलं पुसून टाका

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट हा नकाशा शाळेत काढला असेल तर विसरा. टोकावर मीठ ठेवा, कारल्याचा तुकडा ठेवा, दोन्ही कळतात. माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो हेही खोटं. मेंदू वजनाच्या दोन टक्के असून शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. एवढा खर्च शरीर रिकाम्या जागेवर करणार नाही.

आतड्यांचा पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा हे वाक्य कित्येक पुस्तकांत होतं. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नीट मोजलं तर संपूर्ण पचनमार्गाचं अस्तर भरलं सुमारे ३२ चौरस मीटर. म्हणजे साडेतीनशे चौरस फूट, मुंबईतलं वन रूम किचन. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात हेही २०१६ च्या मोजणीत टिकलं नाही. साधारण ३० लाख कोटी आपल्या पेशी, ३८ लाख कोटी जिवाणू, जवळजवळ बरोबरीच. आणि आपल्या पेशींतल्या पाचांपैकी चार तांबड्या रक्तपेशी! संख्येने पाहिलं तर माणूस म्हणजे मुख्यतः रक्तच.

डोळ्यासमोरचा ठिपका गायब

कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्यापासून साडेसात सेंटिमीटरवर उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्याने फुलीकडे टक लावा आणि कागद हाताच्या अंतरावरून हळूहळू जवळ आणा. पाऊण-एक फुटावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मेंदूकडे नस जिथून निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. फ्रान्सच्या एद्म मारियोतने सतराव्या शतकात ही जागा शोधली. एरवी ती जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून तेवढी जागा भरून टाकतो.

डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिनी नाही, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. रक्त नसल्याने शरीर परका कॉर्निया सहसा झिडकारत नाही, आणि म्हणूनच नेत्रदान इतकं यशस्वी होतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं. तोवर पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा. एका माणसाचे दोन डोळे दोघांना दृष्टी देतात.

या लेखातलं निम्मंअधिक कोणीतरी प्रेत उघडून पाहिलं म्हणून कळलं. ग्रे आणि कार्टर यांच्यापुढची प्रेतं बेवारस गरिबांची होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन सुरू होण्याआधी विद्यार्थी देहासमोर उभे राहून शपथ घेतात, आणि टेबलावरचे कित्येक देह स्वखुशीने दिलेले असतात. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने देहदान करता येतं. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात अर्ज मिळतो. आधी नेत्रदान आणि मग देहदान, असं दोन्ही करता येतं. अर्ज भरलात तर घरच्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या दिवशी फोन त्यांनाच करायचा असतो.